विश्लेषण : दुकान आपले, जागा ‘एक्स’ची! मायक्रोब्लॉगिंगचा धंद्याला खरेच किती उपयोग?

आंबा बागायतदार असो, पैठणीचे दुकान असो वा शहरातला क्लासचालक. ‘तुम्ही सोशल मीडियावर आहात का?’ हा प्रश्न आता प्रत्येक व्यावसायिकाला ऐकावा लागतो. बहुतेकांचे काम इन्स्टाग्रामवर फोटो टाकून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन भागते. अडते ते ‘एक्स’पाशी, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरपाशी. तिथे राजकारण्यांची भांडणे, क्रिकेटची चर्चा आणि ट्रोलांचा धुडगूस. त्यात आपला माल कोण बघणार, असे अनेकांना वाटते. पण ग्राहक रागावला की त्याची पहिली पोस्ट बहुधा तिथेच पडते. अशा मंचावर धंद्यासाठी जावे का, गेल्यास काय करावे आणि कशापासून जपावे?

मायक्रोब्लॉगिंग म्हणजे काय?

थोडक्यात लिहायचे, लगेच प्रसिद्ध करायचे आणि ते सगळ्यांना दिसू द्यायचे, हा या प्रकाराचा गाभा. ट्विटर २००६ मध्ये सुरू झाले तेव्हा एका ट्वीटला १४० अक्षरांची मर्यादा होती. त्यामागचे कारण तांत्रिक होते. एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसत; त्यातली २० नावासाठी राखून उरलेली मजकुराला दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही मर्यादा २८० झाली. इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरना कंपनी विकत घेतली आणि जुलै २०२३ मध्ये तिचे नाव ‘एक्स’ केले. त्याच महिन्यात ‘मेटा’ने ‘थ्रेड्स’ आणले, तर ‘ब्लूस्काय’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप ज्याला पाठवला त्यालाच दिसतो. इथे मात्र दुकानदार आणि ग्राहक यांचे बोलणे भर चौकात होते. या मंचाची ताकद त्यात आहे आणि धोकाही त्यातच आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक बारकावा. संगणक देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजतो. ‘श्रीखंड’ हा शब्द वाचताना तीन अक्षरांचा वाटतो, पण मर्यादेतली सात चिन्हे खर्च करतो. लिंक कितीही लांब असली तरी ती २३ चिन्हांचीच धरली जाते. म्हणजे मराठीत २८० ची मर्यादा दिसते त्याहून लवकर संपते. भाव, ठिकाण आणि वेळ आधी लिहावी. शुभेच्छा आणि विशेषणे उरलेल्या जागेत.

यातून खरेच विक्री होते का?

होते, पण प्रत्येकाची नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिसमध्ये २००८ च्या अखेरीस ‘कोगी’ नावाचा खाद्यपदार्थांचा ट्रक सुरू झाला. कोरियन पद्धतीचे मांस मेक्सिकन टाकोमध्ये घालून तो विकत असे. ट्रक आज कुठे आणि किती वाजता उभा राहणार हे ट्विटरवर कळवले जाई आणि तिथे रांगा लागत. जाहिरातीला पैसे नव्हते, पण रोज बदलणारी आणि लोकांना हवी असलेली माहिती होती. ती देण्यासाठी हे माध्यम अगदी नेमके होते.

दुसरे उदाहरण ‘डेल’ या संगणक कंपनीचे. परत आलेले, दुरुस्त केलेले संगणक सवलतीत विकणाऱ्या विभागाने ट्विटरवर ठरावीक मुदतीचे कूपन द्यायला सुरुवात केली. ट्विटरमुळे ६५ लाख डॉलरची विक्री झाल्याचे कंपनीने २००९ च्या अखेरीस सांगितले. हा आकडा पुढे अनेक वर्षे ‘सोशल मीडिया मार्केटिंग’च्या वर्गांत सांगितला गेला. मात्र त्याच सुमारास डेलची वार्षिक उलाढाल सुमारे ६१ अब्ज डॉलर होती. त्या तुलनेत ट्विटरचा वाटा एक टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढा भरतो, तोही एका वर्षाहून अधिक काळात मिळून.

या दोन उदाहरणांतून एक ठोकताळा निघतो. ज्याची माहिती रोज बदलते, साठा मर्यादित असतो आणि ग्राहकाला ‘आत्ता’ कळणे महत्त्वाचे असते, त्या धंद्याला मायक्रोब्लॉगिंग उपयोगी पडते. फिरती खाद्यगाडी, नाटकाची उरलेली तिकिटे, ट्रेकच्या शिल्लक जागा, पावसामुळे पुढे ढकललेला कार्यक्रम ही अशी कामे. साडीचा पोत किंवा दागिन्याची घडण दाखवायची असेल तर तिथे फोटो-व्हिडीओची माध्यमे सरस ठरतात. आणि गावातल्या किराणा दुकानाचा ग्राहक ‘एक्स’वर नसेल, तर तिथे हँडल उघडून उपयोग नाही.

मग मोठ्या कंपन्या तिथे काय करतात?

मुख्यतः तक्रारी ऐकतात. ‘कॉमकास्ट’ या अमेरिकन केबल कंपनीने २००८ मध्ये ट्विटरवरून ग्राहकांना मदत करायला सुरुवात केली, तेव्हा त्याचे नवल वाटले होते. आज विमान कंपन्या, बँका, मोबाइल कंपन्या यांची स्वतंत्र मदत-हँडल असतात.

भारतात या सवयीला मोठा हातभार सरकारी खात्यांनी लावला. नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना धावत्या गाडीतील प्रवाशाने ट्वीट करावे आणि पुढच्या स्थानकावर मदत पोहोचावी, अशा बातम्या सातत्याने येत. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या ट्विटरवरील तत्परतेचीही अशीच चर्चा होई. डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर आलेल्या मुंबई पोलिसांनी तर खुसखुशीत भाषेत नागरिकांशी संवाद साधता येतो हे दाखवून दिले. यातून ग्राहकाची अपेक्षा बदलली. मंत्री उत्तर देतो, मग दुकानदार का नाही?

उत्तर कसे देऊ नये याचा धडा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी दुरुस्तीसाठी धूळ खात उभ्या असलेल्या ‘ओला इलेक्ट्रिक’ स्कूटरचे छायाचित्र ‘एक्स’वर टाकले. कंपनीचे प्रमुख भाविश अगरवाल यांनी स्कूटरबद्दल बोलण्याऐवजी कामरा यांच्यावरच टीका केली. वाद दिवसभर पेटला आणि हजारो ग्राहकांनी आपापल्या तक्रारी त्याखाली मांडल्या. पुढच्या कामकाजाच्या दिवशी समभाग आठ टक्क्यांहून अधिक घसरला. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीकडे वर्षभरात आलेल्या दहा हजारांहून अधिक तक्रारींच्या आधारे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला कारणे दाखवा नोटीसही बजावली. तक्रारी आधीपासून होत्याच. मालकाच्या उत्तराने त्या देशभर पोहोचवल्या.

लहान व्यावसायिकालाही हेच लागू होते. जाहीर उत्तर तक्रार करणाऱ्याइतकेच ते वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असते. ‘गैरसोय झाली, दिलगीर आहोत, ऑर्डर क्रमांक खासगी संदेशात पाठवा’ एवढे तासाभरात लिहिणे आणि काम झाल्यावर तिथेच ‘बदलून दिले’ असे कळवणे, हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाचे ठरते.

प्रत्येक ट्रेंडवर उडी घ्यावी का?

घडलेल्या प्रसंगावर चटकन विनोद करून ब्रँड चर्चेत ठेवण्याला आज ‘मोमेंट मार्केटिंग’ म्हणतात. मुंबईकरांना ते नवे नाही. ‘अमूल’ची फलके १९६० च्या दशकापासून तेच करत आली आहेत. ट्विटरवर याचे गाजलेले उदाहरण ३ फेब्रुवारी २०१३ चे. अमेरिकेत ‘सुपर बोल’चा सामना वीज गेल्यामुळे सुमारे अर्धा तास थांबला, तेव्हा ‘ओरिओ’ बिस्किटाने ‘अंधारातही बिस्कीट बुडवता येते’ अशा अर्थाचे चित्र टाकले आणि कोट्यवधींच्या दूरचित्रवाणी जाहिरातींइतकी चर्चा फुकटात मिळवली. पण हे एका मुलाला सुचले आणि त्याने टाकले, असे नव्हते. जाहिरात संस्था आणि मंजुरी देणारे अधिकारी त्या रात्री एकत्र बसून होते.

भारतात जुलै २०१९ मध्ये ‘झोमॅटो’ने ‘कधी कधी घरचेही खावे’ अशा आशयाचे हिंदी ट्वीट केले. ते इतके चालले की इतर अनेक ब्रँडांनी त्याची नक्कल केली. लक्षात मात्र पहिलेच राहिले.

नकलेपेक्षा मोठा धोका कायद्याचा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये पी. व्ही. सिंधूने पदक जिंकल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये अनेक कंपन्यांनी तिचे छायाचित्र आणि आपले बोधचिन्ह एकत्र छापून अभिनंदन केले. तिचे व्यवस्थापन पाहणाऱ्या संस्थेने सुमारे २० ब्रँडविरुद्ध कायदेशीर कारवाईचा पवित्रा घेतला. चौकातल्या ‘शुभेच्छुक’ फलकांची सवय असलेल्या आपल्याकडे हे विचित्र वाटेल. पण खेळाडूच्या चेहऱ्याशेजारी दुकानाचे नाव आले की अभिनंदनाची जाहिरात होते, आणि जाहिरातीला परवानगी लागते.

पोस्ट लोकांपर्यंत पोहोचते कशी?

‘एक्स’ उघडल्यावर समोर येणारी ‘फॉर यू’ यादी अल्गोरिदम ठरवतो. या अल्गोरिदमचा काही भाग कंपनीने ३१ मार्च २०२३ रोजी जाहीर केला. वाचक एखाद्या पोस्टवर काय करेल याचा अंदाज बांधायचा, त्या अंदाजाला ठरावीक भार द्यायचा आणि बेरीज करायची, अशी त्याची रीत. त्या वेळच्या भारांनुसार लाइकला ०.५, रिपोस्टला १, उत्तराला १३.५ आणि त्या उत्तराला मूळ लेखकाने प्रतिसाद देण्याला ७५ असे गुण होते. उलट ‘असे दाखवू नका’, म्यूट किंवा ब्लॉक होण्याची शक्यता असेल तर उणे ७४ आणि तक्रारीची शक्यता असेल तर उणे ३६९.

हे आकडे त्या काळचे. कंपनी ते केव्हाही बदलू शकते आणि त्यानंतर यंत्रणेत बदल झालेही आहेत. तरी त्यातली दिशा बोलकी आहे. एकतर्फी घोषणांपेक्षा संवादाला जास्त किंमत आहे. ‘लाइक करा, शेअर करा’ अशी विनवणी करण्याऐवजी आलेल्या प्रश्नाला उत्तर देणे जास्त लाभाचे. पण याच गणितामुळे भांडण लावणाऱ्या पोस्टही वर येतात, कारण भांडणातही उत्तरेच पडतात. ब्रँडने या सापळ्यात अडकू नये. ‘आपल्या वेबसाइटची लिंक टाकली की पोस्ट फिरत नाही’ ही व्यावसायिकांची जुनी तक्रार. वर्णन मुख्य पोस्टमध्ये आणि लिंक खालच्या उत्तरात द्यावी, असे मस्क यांनीच नोव्हेंबर २०२४ मध्ये सुचवले होते. ग्राहक आपल्या मंचावरून बाहेर जाऊ नये, हे मंचाचे हित आणि तो आपल्या दुकानात यावा, हे दुकानदाराचे. दोन्ही हिते एक नाहीत.

निळी खूण म्हणजे विश्वास का?

पूर्वी खाते खरे असल्याची पडताळणी करून निळी खूण दिली जाई. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती महिना आठ डॉलर भरणाऱ्या कोणालाही मिळू लागली. त्याच आठवड्यात ‘एलाय लिली’ या औषध कंपनीच्या नावाने काढलेल्या खोट्या खात्याने ‘इन्सुलिन आता मोफत’ असे जाहीर केले. शेजारी निळी खूण होती, त्यामुळे अनेकांनी ते खरे मानले. खऱ्या कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि दुसऱ्या दिवशी तिचा समभाग चार टक्क्यांहून अधिक घसरला. घसरणीला इतरही कारणे असू शकतील, पण खुणेचा अर्थ बदलला हे त्या दिवशी जगाला कळले. आता संस्थांसाठी सोनेरी आणि सरकारी खात्यांसाठी करडी खूण असते. सुरुवातीला जाहीर झालेला संस्थांसाठीचा दर महिना हजार डॉलर होता, म्हणजे लहान दुकानदाराच्या आवाक्याबाहेर. निळी खूण सशुल्क सदस्यत्वाची पावती आहे, प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे.

सर्वात मोठा धोका कोणाला?

ग्राहकाला. कोणी ‘पैसे कापले गेले, तिकीट मिळाले नाही’ असे जाहीर लिहिले की काही मिनिटांत बँकेच्या किंवा कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते खोटे हँडल उत्तर देते. ‘क्षमस्व, या क्रमांकावर फोन करा’ असे सांगून पुढे स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप किंवा एपीके फाइल उतरवायला लावली जाते, ‘परतावा’ देण्यासाठी यूपीआय पिन टाकायला सांगितला जातो आणि खाते रिकामे होते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी यातल्या बहुतेक फसवणुकी टळतात. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० वर कळवावे किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी.

इथे व्यावसायिकाचीही जबाबदारी येते. उत्तरास दिरंगाई झाली की ती पोकळी भामटा भरतो. मदतीचा अधिकृत क्रमांक प्रोफाइलमध्ये ठळक लिहावा, ग्राहकाने जाहीर टाकलेला मोबाइल क्रमांक काढायला सांगावा आणि आपल्या नावाची खोटी खाती दर आठवड्याला शोधून कळवावीत.

स्वतःच्या खात्याला कुलूपही हवे. ९ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या भांडवली बाजार नियामकाचे, ‘एसईसी’चे, ‘एक्स’ खाते चोरांनी ताब्यात घेऊन बिटकॉइनविषयी खोटी घोषणा केली. त्या खात्यावर दुहेरी पडताळणी बंद होती. एसएमएसने येणाऱ्या कोडची सोय मार्च २०२३ पासून ‘एक्स’ने सशुल्क सदस्यांपुरती ठेवली आहे, ऑथेंटिकेटर अ‍ॅपची सोय मात्र मोफत आहे आणि अधिक सुरक्षितही. पासवर्ड दुकानातल्या मुलाच्या फोनमध्ये आणि खाते जुन्या एजन्सीच्या ई-मेलवर, ही आपल्याकडची नेहमीची व्यवस्था आजच बदलावी.

जाहिरात आहे हे सांगावेच लागते का?

होय. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे, भेटवस्तू, सवलत किंवा मोफत सेवा घेऊन केलेली शिफारस ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ अशा साध्या शब्दांत उघड करणे आवश्यक आहे. ट्विटरसारख्या कमी जागेच्या मंचासाठी ब्रँडच्या नावापुढे ‘अ‍ॅम्बेसेडर’ लावलेला शब्दही चालतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शहरातल्या ‘फूड ब्लॉगर’ला फुकट जेवू घालून पोस्ट लिहून घेणाऱ्या हॉटेलमालकाने हे ध्यानात ठेवावे.

‘कू’ बंद पडल्याने काय शिकवले?

२०२० मध्ये बेंगळूरुत सुरू झालेले ‘कू’ हे मराठीसह अनेक भारतीय भाषांना जागा देणारे मायक्रोब्लॉगिंग अ‍ॅप. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या आत्मनिर्भर अ‍ॅप स्पर्धेत ते गौरवले गेले. मंत्री, सरकारी खाती, कलाकार तिथे आले. ३ जुलै २०२४ रोजी संस्थापकांनी ते बंद करत असल्याचे जाहीर केले. भागीदारीची बोलणी फिसकटली आणि तंत्रज्ञानाचा खर्च झेपेना. तिथे मेहनतीने जमवलेले फॉलोअर कोणालाही उचलून दुसरीकडे नेता आले नाहीत.

मंच बंदच पडावा लागतो असे नाही. त्याने नियम बदलले तरी पुरते. २०२३ मध्ये ट्विटरने संगणकाद्वारे पोस्ट करण्याच्या सोयीला मोठे शुल्क लावले. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक यंत्रणेला हा खर्च महिना ५० हजार डॉलरपर्यंत जाईल असे दिसताच तिने एप्रिलमध्ये गाड्यांच्या सूचना तिथे देणेच थांबवले. पुढे सार्वजनिक सेवांना सूट मिळाली आणि सूचना परतल्या. एवढ्या मोठ्या संस्थेचे ऐकले गेले. सोलापूरच्या चादरविक्रेत्यासाठी कोणी नियम बदलणार नाही.

मग करावे काय?

‘एक्स’वरचे खाते ही भाड्याची जागा आहे. भाडे पैशांत नसले तरी वेळेत आणि मजकुरात द्यावेच लागते, आणि घरमालक विनानोटीस कुलूप बदलू शकतो. म्हणून तिथे जाऊ नये असे नव्हे. धंद्याच्या नावाचे हँडल आजच घेऊन ठेवावे, म्हणजे ते दुसरा कोणी घेणार नाही. दिवसातून दोनदा आपल्या नावाचा शोध घ्यावा. आधी आपला ग्राहक तिथे आहे का ते महिनाभर पाहावे आणि मगच मजकुरावर किंवा सशुल्क सदस्यत्वावर खर्च करावा. फॉलोअर विकत घेणे म्हणजे रिकाम्या दुकानात पुतळे उभे करणे. गिऱ्हाईक त्यातून येत नाही.

आणि तिथे भेटलेला ग्राहक, त्याच्या संमतीने, आपल्या वहीत आणावा. नाव, क्रमांक, आवडनिवड यांची स्वतःकडची यादी, स्वतःची छोटीशी वेबसाइट आणि वेळेवर उचलला जाणारा फोन यांवर कोणाचा अल्गोरिदम चालत नाही. उद्या ‘एक्स’ने नियम बदलले किंवा ‘कू’सारखा निरोप घेतला, तर ज्याच्याकडे ही वही आहे त्याचा धंदा दुसऱ्या दिवशीही चालू राहील.